थॉमस हार्डी (थोरले)

थॉमस हार्डी (जन्म : १८११, मृत्यू : २० जुलै १८९२) हे इंग्लंडच्या नैऋत्येकडील डॉर्सेट परगण्यातील गवंडी, घरबांधणीचे कंत्राटदार आणि व्हायोलिनवादक होते. विख्यात इंग्रजी कादंबरीकार व कवी थॉमस हार्डी (१८४०–१९२८) यांचे ते वडील होत. आजोबा, वडील आणि मुलगा अशा तिन्ही पिढ्यांचे नाव एकच असल्यामुळे अभ्यासक त्यांचा उल्लेख 'दुसरे थॉमस हार्डी' असाही करतात. प्रस्तुत लेखात 'थोरले हार्डी' म्हणजे वडील आणि 'कादंबरीकार हार्डी' म्हणजे मुलगा असे समजावे.

थोरल्या हार्डींनी बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या बहुतेक घरांवर, गोठ्यांवर व कोठारांवर त्यांचे नाव नाही. त्यांनी स्वतःचे असे संगीतही रचले नाही. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या खेड्यांतील चर्चमध्ये जे लोकांचे, हौशी आणि बिनपगारी संगीत नांदत होते, त्याविषयी सामान्य वाचकाला आज जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग या एका घरबांधणी करणाऱ्याच्या आठवणींतून आलेला आहे. त्या आठवणी त्यांनी लिहिल्या नाहीत, मुलाला सांगितल्या.

घराणे आणि घर

हार्डी घराण्यात गवंडीकाम पिढीजात होते. थोरल्या हार्डींचे आजोबा जॉन हार्डी यांनी १८००–०१ च्या सुमारास आपला मुलगा थॉमस (पहिला) याच्यासाठी हायर बॉकहॅम्टन या वस्तीत एक घर बांधले. ही वस्ती डॉर्चेस्टर या परगण्याच्या मुख्य गावापासून सुमारे तीन मैलांवर, स्टिन्सफर्ड पॅरिशच्या म्हणजे त्या गावच्या चर्चच्या हद्दीत येते. घराच्या मागे रान, आणि रानापलीकडे झुडपांनी भरलेले उजाड माळरान. कादंबरीकार हार्डींच्या लेखनातले 'एग्डन हीथ' ते हेच.

घराच्या भिंती 'कॉब' पद्धतीच्या आहेत. चिकणमाती, चुनखडी, वाळू आणि गवताचा काडीकचरा पाण्यात तुडवून केलेला गारा थरावर थर चढवीत नेतात. एक थर वाळल्यावाचून वरचा घालत नाहीत. लाकडी सांगाडा नाही, विटांची चौकटही नाही. आपल्याकडच्या पांढरीच्या मातीच्या भिंतींशी हे काम बरेच मिळतेजुळते आहे, आणि दोहोंचा शत्रूही एकच, तो म्हणजे वरून झिरपणारे पाणी. म्हणून छप्पर जाड गवताने शाकारलेले, भिंतीच्या बरेच पुढे आलेले असते. याच घरात १८११ मध्ये थोरल्या हार्डींचा जन्म झाला, आणि ८० वर्षांनी याच घरात त्यांचा मृत्यू झाला.

घर स्वतःच्या हातांनी बांधलेले असले तरी जमीन आणि पर्यायाने घरही हार्डींच्या पूर्ण मालकीचे नव्हते. अशा जागा तीन हयातींच्या पट्ट्याने दिल्या जात. पट्ट्यात नावे असलेल्या तीन व्यक्तींपैकी शेवटची व्यक्ती जिवंत असेपर्यंत कुटुंबाचा हक्क राही; ती गेली की घर, विहीर, बाग सारे मूळ जमीनदाराच्या इस्टेटीत जमा होई. इतरांची घरे उभारणाऱ्या माणसाच्या डोक्यावर स्वतःच्या घराची अशी टांगती तलवार होती. कादंबरीकार हार्डींच्या 'द वुडलँडर्स' (१८८७) या कादंबरीत पट्टा संपल्यामुळे घर गमावण्याचा जो प्रसंग येतो त्याची धग या अनुभवातली असावी, असे मानण्यास जागा आहे.

व्यवसाय

थोरले हार्डी वडिलांच्या हाताखाली गवंडीकाम शिकले आणि १८३७ मध्ये वडील वारल्यावर धंदा त्यांच्या पिढीकडे आला. वीट, दगड, चुना ही त्यांची मुख्य सामग्री. शेतमजुरांची घरे, शेतावरच्या इमारती, आसपासच्या जमीनदारांच्या वाड्यांची डागडुजी, क्वचित जुन्या वास्तूंचे काम असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. घराच्या मागल्या अंगाला एक छोटी खोली कचेरीसारखी वापरली जाई. तिला गज बसवलेली लहानशी खिडकी आहे आणि मजुरांना मजुरी तिच्यातून चुकती केली जाई, असे सांगतात. ती खिडकी आजही पाहता येते.

धंद्याच्या बाबतीत ते फारसे महत्त्वाकांक्षी नव्हते, असे त्यांच्या मुलाने नमूद केले आहे. बाजाराच्या दिवशी गावात जाऊन गिऱ्हाईक गाठावे, चार ओळखी वाढवाव्यात, हे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्याऐवजी ते एकटेच रानात किंवा माळावर निघून जात. व्यापारी जहाजावर कप्तान असलेल्या कुणा पूर्वजाची दुर्बीण त्यांच्याकडे वारशाने आलेली होती. ती डोळ्याला लावून ते अर्धा अर्धा तास दूरवर पाहत बसत. उन्हाळ्यात रानटी सुगंधी झुडपांच्या उतारावर आडवे होत आणि नाकतोडे अंगावरून उड्या मारीत असत. माळाकाठच्या या आडबाजूच्या घरातून डॉर्चेस्टरसारख्या गावात बिऱ्हाड हलवावे, म्हणजे धंदा वाढेल, असा पत्नी जेमायमा यांचा आग्रह होता. तो त्यांनी कधीच मानला नाही.

हे चित्र मोहक असले तरी थोडे सावधपणे घ्यायला हवे. ते प्रामुख्याने 'द अर्ली लाइफ ऑफ थॉमस हार्डी' (१९२८) या चरित्रातून येते. ग्रंथावर कादंबरीकाराच्या दुसऱ्या पत्नी फ्लॉरेन्स यांचे नाव असले तरी त्याचा बहुतांश मजकूर खुद्द कादंबरीकारानेच सिद्ध केला होता, हे आता सर्वमान्य आहे. वडिलांचे हे चित्र म्हणजे वयोवृद्ध मुलाने पाठीमागे वळून रंगवलेले चित्र होय. जनगणनेच्या नोंदींत मात्र थोरल्या हार्डींच्या हाताखालील माणसांची संख्या वाढत गेलेली दिसते. चार मुलांचे शिक्षण, थोरल्या मुलाची वास्तुविशारदाकडील उमेदवारी, मुलींचे शिक्षिका होणे, हे सारे या धंद्याच्या जोरावरच झाले. तेव्हा त्यांना पैशाची हाव नव्हती एवढाच निष्कर्ष काढणे बरे. ते धंद्यात अपयशी ठरले, असे म्हणता येणार नाही.

त्यांच्या धंद्याला एक मोठा धक्का मात्र बसला. शेजारच्या किंग्स्टन मॉरवर्ड या इस्टेटीचे बांधकाम त्यांच्याकडे असे. इस्टेटीच्या मालकीणबाई ज्यूलिया ऑगस्टा मार्टिन यांनी बॉकहॅम्टनमध्ये शाळा सुरू केली आणि १८४८ मध्ये हार्डींचा मुलगा तिचा पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक झाला. बाईंचा त्याच्यावर फार जीव होता. पण १८५० मध्ये जेमायमांनी त्याला तिथून काढून डॉर्चेस्टरच्या शाळेत घातले. मालकीणबाईंना हे लागले, आणि पुढे इस्टेटीचे काम हार्डींच्या हातून गेले. मुलाच्या शिक्षणापायी बापाचे हक्काचे गिऱ्हाईक तुटले. पण त्यांनी मुलाला परत जुन्या शाळेत घातले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

डॉर्चेस्टरचे वास्तुविशारद जॉन हिक्स यांच्यासाठी ते काम करीत असत. वुड्सफर्ड येथील जुन्या गढीचे काम चालू असताना हिक्स यांनी मुलाची हुशारी पाहिली आणि १८५६ मध्ये त्याला उमेदवार म्हणून घेतले. गवंड्याचा मुलगा नकाशाच्या फळ्यापर्यंत पोचला तो असा.

स्टिन्सफर्डचा वाद्यवृंद

थोरल्या हार्डींचे खरे प्रेम संगीतावर होते, आणि तेही त्यांना घराण्यातूनच मिळाले. त्यांचे वडील पहिले थॉमस हार्डी हे मूळचे पडलटाउनच्या चर्चमधील वादक. १८०१ मध्ये ते नव्या घरात राहायला आले तेव्हा स्टिन्सफर्डच्या चर्चमधील संगीताची दशा फार वाईट होती. त्यांनी ते हाती घेतले आणि मरेपर्यंत, म्हणजे सुमारे ३५ वर्षे, सांभाळले. ते स्वतः चेलोच्या जातीचे मोठे खर्जाचे वाद्य वाजवीत. थॉमस व जेम्स ही त्यांची मुले आणि शेजारचे जेम्स डार्ट हे तिघे व्हायोलिन वाजवीत. त्यांच्या आजूबाजूला गाणारे असत. १८३५ च्या सुमारास हे सर्व वादक व गायक नेमके कुठे बसत, याचा आराखडा कादंबरीकार हार्डींनी पुढे वडिलांकडून ऐकलेल्या माहितीवरून काढून ठेवला आहे.

या संगीताची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सतराव्या शतकातील यादवीच्या काळात प्युरिटन पंथीयांनी अनेक चर्चमधील ऑर्गन मोडून टाकले होते, आणि लहान खेड्यांना नवा ऑर्गन परवडण्यासारखा नव्हता. अठराव्या शतकात गावोगावी हौशी वादक-गायकांनी ही उणीव भरून काढली. चर्चच्या पश्चिम टोकाला, वेदीच्या नेमके समोर, उंचावर लाकडी सज्जा बांधलेला असे. त्यावर हा वृंद बसे. यावरून या संगीताला पुढे 'पश्चिम सज्जाचे संगीत' असे नाव पडले. टेट आणि ब्रॅडी यांनी इंग्रजीत छंदोबद्ध केलेली स्तोत्रे हा त्यांचा मुख्य पाठ. त्यांच्या चालींत एका आवाजामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा तीच ओळ उचलीत येई. ओळी, अर्ध्या ओळी, कधी अर्धे शब्दही पुन्हा पुन्हा घोळवले जात. पंडितांना हे ओबडधोबड वाटे; पण गावाला त्यात रस होता. काही चर्चमध्ये क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्येही असत. स्टिन्सफर्डच्या वृंदात केवळ तंतुवाद्ये होती, आणि हार्डी मंडळींना याचा अभिमान होता.

वादक बहुतेक मजूर, कारागीर, छोटे व्यावसायिक. दिवसभर वीट-चुन्याचे काम करायचे आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात स्वरलेखन उतरून काढायचे, असा क्रम असे. छापील पुस्तके घेण्याची ऐपत नसल्यामुळे कागदावर रेघा ओढण्यापासून वही शिवण्यापर्यंत सारे घरीच होई. या वह्यांची एक गंमत कादंबरीकार हार्डींनी नोंदवली आहे. एका बाजूने उघडली की वहीत स्तोत्रे आणि नाताळची गाणी, आणि उलटी करून दुसऱ्या बाजूने उघडली की नाचाच्या चाली व लौकिक गाणी. दोन्ही बाजूंनी भर पडत पडत देवाचे आणि नाचाचे संगीत वहीच्या मध्यावर एकमेकांना भेटे. त्यातली काही गाणी तर चारचौघांत उच्चारण्याजोगीही नसत. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना या वह्या परक्या वाटणार नाहीत. फरक इतकाच की आपल्याकडे अभंग आणि लावणी सहसा एका पुठ्ठ्यात बांधले जात नाहीत.

मोबदला नाममात्र असे. एका पॅरिशमधील वर्षाची बिदागी कादंबरीकाराने दिली आहे ती अशी : जमीनदाराकडून १० शिलिंग व एक रात्रीचे जेवण, धर्मगुरूंकडून १० शिलिंग, प्रत्येक शेतकऱ्याकडून ५ शिलिंग, प्रत्येक झोपडीमागे १ शिलिंग. वाटणी केली तर माणशी वर्षाला १० शिलिंगांहून अधिक येत नसे, आणि तेवढे व्हायोलिनच्या तारा, राळ, दुरुस्ती आणि कागद यांतच संपे. हा माल घेऊन एक फेरीवाला दर सहा महिन्यांनी गावात येई. तो स्वतःही वाजवणारा, प्रसंगी चाली रचणारा, आणि आपली नवी चाल थोड्या पैशांत वृंदाच्या गळ्यात मारणारा असे. एका नाताळात नवे गीत बसवलेले असताना हा फेरीवाला टेकड्यांवर बर्फात अडकला. तेव्हा चाबकाची दोरी आणि सुतळी ताणून वादकांनी वेळ निभावली, अशी कथा सांगितली जाई.

स्टिन्सफर्डला १८२२ ते १८३७ या काळात एडवर्ड मरे हे धर्मगुरू होते. त्यांनाही व्हायोलिनचा नाद असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्या निवासस्थानी तालीम होई. हा या वृंदाचा भराचा काळ. नाताळच्या रात्री कंदील घेऊन, वाड्यावस्त्यांवर फिरून गाणी गाण्याची जुनी प्रथा थोरल्या हार्डींना वडिलांइतकीच प्रिय होती. रविवारी चर्चमध्ये वाजवणारे हेच हात लग्नाकार्यात, बारशाला आणि सुगीच्या नाचाला वाजवीत.

विवाह

थोरल्या हार्डींच्या पत्नी जेमायमा हँड (१८१३–१९०४) या मेल्बरी ऑझ्मंड येथील गरीब घरातील होत्या. स्टिन्सफर्ड येथे त्या स्वयंपाकीण म्हणून नोकरीला असताना दोघांची ओळख झाली. चर्चमध्ये खाली बसलेल्या तरुणीने मान वळवून सज्जाकडे पाहावे आणि व्हायोलिन वाजवणाऱ्या तरुणाची नजर तिला भिडावी, असा प्रसंग कादंबरीकार हार्डींनी 'अ चर्च रोमान्स' या सुनीतात घातला आहे. तो आईवडिलांचाच प्रसंग होय. २२ डिसेंबर १८३९ रोजी मेल्बरी ऑझ्मंड येथे त्यांचा विवाह झाला. त्यांना थॉमस (१८४०), मेरी (१८४१), हेन्री (१८५१) व कॅथरिन (१८५६) अशी चार मुले झाली. चौघांपैकी एकालाही मूलबाळ नसल्यामुळे ही शाखा त्यांच्यापाशीच थांबली.

जेमायमा वाचनाची आवड असलेल्या, करारी आणि व्यवहारी होत्या. पतीच्या वादनावर त्यांचे मन बसले हे खरे, पण फुकट वाजवत हिंडण्याने घर चालत नाही याचीही त्यांना पूर्ण जाणीव होती.

वृंदाचा शेवट

१८३७ हे वर्ष दोन प्रकारे निर्णायक ठरले. पहिले थॉमस हार्डी वारले, आणि मरे यांच्या जागी आर्थर शर्ली हे नवे धर्मगुरू आले. १८३३ पासून ऑक्सफर्डमधून उठलेल्या धर्मसुधारणेच्या चळवळीचा तो काळ होता. उपासनेत गांभीर्य हवे, विधी शिस्तीत व्हावेत, गायकांनी शुभ्र झगे घालून वेदीजवळ बसावे, आणि साथीला ऑर्गन असावा, असा या चळवळीचा सूर होता. सज्जावरचे मजूर, त्यांचे लग्नकार्यातले व्हायोलिन आणि वहीच्या दुसऱ्या टोकाची गाणी या चौकटीत बसण्यासारखी नव्हती. १८४१–४२ च्या सुमारास थोरले हार्डी व त्यांचे बंधू जेम्स यांनी चर्चमधील वादन सोडले आणि वृंद मोडला. हार्डी कुटुंबाने सलग ४० वर्षे केलेली सेवा तेथे संपली. थोरले हार्डी तेव्हा जेमतेम तिशीत होते.

स्टिन्सफर्ड हे काही एकटे उदाहरण नव्हे. पुढील २०–३० वर्षांत इंग्लंडभर हेच घडले. आधी मूठ फिरवली की ठरावीक चाली वाजवणारा पेटीऑर्गन आला, मग हार्मोनियम, मग मोठा ऑर्गन. १८६१ मध्ये 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' हे स्तोत्रपुस्तक निघाले आणि गावागावच्या निराळ्या चालींची जागा एकसारख्या छापील चालींनी घेतली. जुन्या चर्चच्या जीर्णोद्धारात पश्चिमेचे सज्जेही उतरवण्यात आले. इंग्लंडच्या खेड्यांतून व्हायोलिन हद्दपार करण्यात ज्या हार्मोनियमचा हात होता, ती पुढे भारतात येऊन कीर्तनात, भजनात आणि संगीत नाटकात 'पेटी' म्हणून लोकप्रिय झाली, हा वाद्यांच्या इतिहासातला एक चमत्कारिक योगायोग आहे.

नव्या व्यवस्थेत स्वर अधिक शुद्ध लागत असतील. पण पूर्वी गावातील सहा ते दहा वादक आणि अनेक गायक ज्या कामात गुंतलेले असत ते आता एका माणसाच्या हाती गेले, आणि गावाचा चर्चमधील जीव त्या प्रमाणात आटला, असे कादंबरीकार हार्डींचे मत होते. त्यांच्या वडिलांनी याविषयी जाहीर तक्रार केल्याची नोंद नाही. ते चर्चला जात राहिले आणि घरी वाजवत राहिले.

मुलाचे संगीतशिक्षण

वृंद मोडला तेव्हा कादंबरीकार हार्डी तान्हे मूल होते. स्टिन्सफर्डचे ते संगीत त्यांनी चर्चमध्ये स्वतः ऐकल्याचे त्यांना आठवणे शक्यच नव्हते. त्यांनी ऐकले ते वडिलांचे चुलीपुढचे व्हायोलिन. संध्याकाळी काम आटोपल्यावर थोरले हार्डी नाचाच्या चाली वाजवीत आणि लहानगा थॉमस खोलीच्या मधोमध एकटाच नाचे. 'एन्रिको', 'द फेअरी डान्स', 'मिस मॅक्लाउड ऑफ एअर', 'माय फॅन्सी लॅड' या चाली लागल्या की त्याच्या डोळ्यांत पाणी येई, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो आणखी जोरात नाचे. का रडू येते हे त्यालाही कळत नसे. चौथ्या वर्षी वडिलांनी त्याला खेळण्यातला अकॉर्डियन दिला. थोड्याच काळात तो व्हायोलिन जुळवायला आणि वाजवायला शिकला.

पुढे वडिलांबरोबर व इतरांबरोबर तोही शेतकऱ्यांच्या घरी नाचाला वाजवू लागला. पैसे घ्यायचे नाहीत, अशी आईची अट होती. एकदा मात्र वर्गणीतून जमलेली नाणी त्याने घेतली आणि मुलांच्या खेळांचे एक पुस्तक विकत आणले. आईला ते अर्थातच आवडले नाही. दुसऱ्या एका प्रसंगी 'द न्यू-रिग्ड शिप' ही चाल पाऊण तास अखंड वाजवल्यावर, पोराची एखादी रक्तवाहिनी फुटेल या भीतीने यजमानीणबाईंनी त्याचा गजाचा हात धरून त्याला थांबवले.

मॅक्स गेट आणि अखेरची वर्षे

कादंबरीकार म्हणून नाव झाल्यावर मुलाने डॉर्चेस्टरच्या सीमेवर स्वतःसाठी घर बांधायचे ठरवले. नकाशे त्याने स्वतः काढले आणि काम वडिलांच्या व धाकटा भाऊ हेन्री याच्या धंद्याकडे दिले. १८८३ ते १८८५ या काळात 'मॅक्स गेट' हे विटांचे घर उभे राहिले. पाया खणताना रोमन काळातील मानवी सांगाडे सापडले. थोरले हार्डी तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते आणि प्रत्यक्ष जबाबदारी हेन्रीवर होती. तरीही या घरामागे बांधणाऱ्यांच्या त्याच घराण्याचा हात होता. 'द मेयर ऑफ कास्टरब्रिज', 'द वुडलँडर्स', 'टेस' आणि 'ज्यूड' या कादंबऱ्यांचा शेवटचा हात किंवा संपूर्ण लेखन याच घरात झाले.

उतारवयात थोरल्या हार्डींना संधिवाताने ग्रासले. अखेरच्या दुखण्यात त्यांनी आपल्या विहिरीचे ताजे पाणी मागितले. ते चाखून, हे आपल्याच विहिरीचे पाणी, म्हणजे आपण घरीच आहोत, अशी त्यांनी खात्री करून घेतली, असे चरित्रात म्हटले आहे. २० जुलै १८९२ रोजी त्यांचे निधन झाले. स्टिन्सफर्डच्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. जन्मले त्याच घरात मरण पावलेल्या माणसावरील कादंबरीकार हार्डींची एक कविता १९२२ च्या संग्रहात आहे. ती वडिलांविषयीच असल्याचे मानले जाते. पुढे कुटुंबाने ते घर सोडले आणि पट्ट्याच्या रीतीप्रमाणे ते इस्टेटीकडे गेले.

साहित्यातील रूप

'अंडर द ग्रीनवुड ट्री' (१८७२) ही कादंबरी म्हणजे मोडलेल्या वृंदाची कथा होय. तिला 'द मेलस्टॉक क्वायर' असे उपशीर्षक आहे, आणि लेखकाला तेच मुख्य नाव म्हणून अधिक पसंत होते. मेलस्टॉक म्हणजे स्टिन्सफर्ड. नव्या ऑर्गनमुळे आपल्याला जावे लागणार हे कळल्यावर वादक मंडळी जथ्याने धर्मगुरूंकडे जातात. निर्णय बदला, असे ते म्हणत नाहीत. लगेच नको, काही महिन्यांनी सणाचा दिवस साधून आम्हाला मानाने निरोप द्या, एवढेच मागतात. साऱ्या कादंबरीत विनोद पेरलेला असूनही हा प्रसंग वाचकाच्या मनातून जात नाही. कादंबरीतील रुबेन ड्युई याचे घर हार्डींच्या घरावरून घेतले आहे, हे उघड आहे. मात्र रुबेन म्हणजे थोरले हार्डी असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. रुबेन बोलका आणि वाटाघाटीत तरबेज आहे, तर थोरल्या हार्डींचा स्वभाव नेमका याच्या उलट होता. पुढे आवृत्त्यांना जोडलेल्या प्रस्तावनेत लेखकाने वह्या, बिदागी आणि फेरीवाला यांची वर दिलेली माहिती नोंदवली, आणि खऱ्या वादकांचे चित्रण आपण कादंबरीत अधिक गंभीरपणे करायला हवे होते, अशी खंतही सुचवली.

'लाइफ्स लिटल आयरनीज' (१८९४) या संग्रहातील एका छोट्या कथेत थंडीने आणि मद्याने सुस्तावलेला वृंद चर्चमध्ये झोपेतून दचकून उठतो आणि स्तोत्राऐवजी नाचाची चाल ठोकून देतो. परिणामी जमीनदार त्यांना हाकलून पेटीऑर्गन आणतो. वहीच्या दोन टोकांची गोष्ट माहीत असली की या विनोदामागचे वास्तव कळते. कवितांमध्ये 'द सेल्फ-अनसीइंग' (१९०१ चा संग्रह) ही चुलीपुढच्या त्या संध्याकाळींची, तर 'टू माय फादर्स व्हायोलिन' (१९१७ चा संग्रह) ही मागे उरलेल्या मुक्या वाद्याला उद्देशून लिहिलेली कविता आहे. दुसरी कविता महायुद्धाच्या काळात, वडिलांच्या मृत्यूला सुमारे २५ वर्षे झाल्यावर लिहिलेली आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात हार्डींच्या शोकात्म कादंबऱ्या अधिक शिकवल्या जातात आणि हार्डी म्हणजे दैववादी, निराश लेखक अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. वडिलांच्या संगीताशी निगडित लेखन वाचले तर ही समजूत बरीच बदलते.

वास्तुविशारद म्हणून तरुणपणी कादंबरीकाराने अनेक चर्चच्या जीर्णोद्धाराची कामे केली होती. ज्या लाटेत वडिलांच्या वृंदाचा सज्जा गेला त्याच लाटेत मुलगा नोकरी करीत होता. १९०६ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेसाठी लिहिलेल्या निबंधात त्याने या कामांबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला.

स्मारके

१९०३ मध्ये थॉमस, हेन्री, मेरी आणि कॅथरिन या चारही भावंडांनी स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये एक पितळी पाटी बसवली. तिच्यावरील लॅटिन मजकुरात पहिले थॉमस आणि त्यांचे पुत्र जेम्स व थॉमस यांनी १८०२ ते १८४१ अशी ४० वर्षे या चर्चमध्ये तंतुवाद्ये वाजवल्याची नोंद आहे. पाटीवर ते गवंडी किंवा कंत्राटदार होते याचा उल्लेख नाही.

हायर बॉकहॅम्टनचे घर १९४८ पासून नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात असून ते 'हार्डीज कॉटेज' या नावाने पाहण्यासाठी खुले असते. मॅक्स गेटही याच संस्थेकडे आहे. कुटुंबाच्या हस्तलिखित संगीतवह्या डॉर्चेस्टरच्या संग्रहालयात आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम सज्जाच्या संगीताकडे अभ्यासकांचे व हौशी वादकांचे पुन्हा लक्ष गेले, तेव्हा या वह्या हाताशी होत्या. 'मेलस्टॉक बँड' या नावाचे पथक त्या काळची वाद्ये घेऊन त्यांतील नाताळगीते आणि नाचाच्या चाली दोन्ही वाजवते.